क्रॅश, ड्रॉप, इम्पॅक्ट: एक्स्प्लिसिट एफईएबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सीएईमध्ये, म्हणजे कॉम्प्युटरवर डिझाइन तपासायच्या कामात, नवीन आलेली मुलं जे प्रश्न सारखे विचारतात ते इथे एकत्र केलेत. एफईए (फायनाइट एलिमेंट ॲनालिसिस) म्हणजे वस्तूचे छोटे तुकडे (एलिमेंट) पाडायचे, ते कोपऱ्यांवर (नोड) जोडलेले धरायचे, या जाळीला मेश म्हणतात, आणि गणित सोडवणारा प्रोग्रॅम म्हणजे सॉल्व्हर. उदाहरणं बहुतेक गाडीच्या क्रॅशची आहेत कारण पुण्यात तेच काम जास्त चालतं, पण फोन खाली पडणं, विमानाला पक्षी धडकणं, फोर्जिंग, सगळीकडे गणित हेच. एक गोष्ट सुरुवातीलाच सांगतो. इम्प्लिसिट सॉल्व्हर मॉडेल चुकलं की बऱ्याचदा कन्व्हर्ज होत नाही (उत्तर जमत नाही) आणि तुम्हाला थांबवतो, एक्स्प्लिसिट थांबवत नाही. तो चुकीच्या डेन्सिटीवर, चुकीच्या कॉन्टॅक्टवरही शेवटपर्यंत पळतो आणि छान ॲनिमेशन देतो, त्यामुळे तपासायची सगळी जबाबदारी आपली, आणि खालची निम्मी उत्तरं त्याबद्दलच आहेत.

एक्स्प्लिसिट म्हणजे नेमकं काय? इम्प्लिसिटमध्ये आणि त्यात फरक काय?

इम्प्लिसिटमध्ये प्रत्येक स्टेपला सगळ्या मॉडेलचा स्टिफनेस मॅट्रिक्स बनवून सोडवायचा, बॅलन्स जमेपर्यंत इटरेशन करायचं. एक्स्प्लिसिटमध्ये मॅट्रिक्स सोडवायची भानगडच नाही. प्रत्येक नोडवर एकूण फोर्स किती ते काढा, त्या नोडच्या मासने भागा, ॲक्सलरेशन मिळालं, त्यावरून अर्ध्या स्टेपपुढचा वेग, वेगावरून नवी जागा, नव्या जागेवरून एलिमेंटचा स्ट्रेन, मग स्ट्रेस, मग परत फोर्स. हेच चक्र लाखभर वेळा फिरतं. याला सेंट्रल डिफरन्स म्हणतात आणि मास नोडवर एकवटलेला धरल्यामुळे भागाकार इतका स्वस्त पडतो.

पत्रा चुरगळतोय, शंभर पार्ट एकमेकांवर आपटतायत, मटेरियल फाटतंय अशा वेळी इम्प्लिसिटची इटरेशन जमणं फार अवघड होतं. एक्स्प्लिसिटला जमवायचं काही नसतंच, म्हणून तो तिथे टिकतो. किंमत एकच, स्टेप खूप बारीक घ्यावी लागते.

ही पद्धत आली कुठून? गाड्यांसाठीच बनवली का?

नाही, बाँबसाठी. अमेरिकेतल्या लॉरेन्स लिव्हरमोर लॅबमध्ये जॉन हॉलक्विस्ट यांनी १९७६ मध्ये डायना-३डी लिहिला, तेव्हा प्रश्न होता कमी उंचीवरून टाकलेला अणुबाँब जमिनीवर आदळल्यावर त्याचं काय होईल. हा कोड नंतर १९७८ मध्ये बाहेरच्यांना खुला केला गेला आणि जगभर पसरला, पुढे हॉलक्विस्ट यांनी १९८७ मध्ये एलएसटीसी ही कंपनी काढली आणि त्यातून आपण वापरतो तो एलएस-डायना आला. ही कंपनी २०१९ मध्ये ॲन्सिसने घेतली. फ्रान्समध्ये ईएसआयने साधारण त्याच काळात, १९७८ मध्ये, लढाऊ विमान अणुवीज केंद्रावर आदळलं तर काय, यावर काम केलं आणि तिथून पॅम-क्रॅश उभा राहिला. पूर्ण गाडीचा, फोक्सवॅगन पोलोचा, फ्रंटल क्रॅश १९८६ च्या सुमारास एका रात्रीत रन करून दाखवला गेला. मॉडेल होतं काही हजार एलिमेंटचं. आज एकट्या दरवाजाला त्याहून जास्त एलिमेंट लागतात.

टाइमस्टेप इतका छोटा का? मी मोठा का नाही देऊ शकत?

कारण एका स्टेपमध्ये स्ट्रेसची लाट एका एलिमेंटच्या पार जायला नको. ही अट कूरांट, फ्रीडरिक्स आणि लेवी यांनी १९२८ मध्येच मांडली, कॉम्प्युटर येण्याच्याही आधी. हिशोब करून बघा. स्टीलचा यंग्ज मॉड्युलस २१० गिगापास्कल, डेन्सिटी ७८५० किलो प्रति घनमीटर, भागाकाराचं वर्गमूळ काढलं की लाटेचा वेग सेकंदाला साधारण ५२०० मीटर येतो, शेलसाठी (पातळ पत्र्याच्या एलिमेंटसाठी) पॉइसन रेशो धरला की ५४०० च्या आसपास. एलिमेंट ५ मिलिमीटरचा असेल तर लाटेला पार व्हायला सुमारे ०.९ मायक्रोसेकंद. त्याला ०.९ चा सेफ्टी फॅक्टर लावला की ०.८ मायक्रोसेकंद उरला. क्रॅश चालतो १०० ते १५० मिलिसेकंद, म्हणजे दीड लाखाच्या आसपास स्टेप.

मोठा स्टेप जबरदस्तीने दिला तर उत्तर थोडंफार चुकत नाही, ते स्फोटासारखं वाढत जातं, नोड कुठल्या कुठे उडतात. म्हणून बहुतेक सॉल्व्हर स्टेप स्वतः काढतात आणि इथेच खरी अडचण आहे: सगळ्या मॉडेलचा स्टेप सगळ्यात वाईट एकटा एलिमेंट ठरवतो. दहा लाख एलिमेंट ५ मिलिमीटरचे असू द्या, फिलेटवर (गोलाई दिलेल्या कोपऱ्यावर) कुठेतरी एकच ०.५ मिलिमीटरचा राहिला तर रन दहापट लांबतो. रन टाकायच्या आधी सगळ्यात लहान स्टेपवाल्या शंभरेक एलिमेंटची लिस्ट काढून बघायची सवय लावून घ्या.

मेश अर्धा केला तर रन किती वाढेल?

शेल मॉडेलमध्ये एलिमेंट चौपट आणि स्टेप निम्मा, म्हणजे आठपट. सॉलिडमध्ये एलिमेंट आठपट, म्हणजे सोळापट.

मास स्केलिंग (स्टेप वाढवायला डेन्सिटी कृत्रिमपणे वाढवणं) करू का? सगळेच करतात.

करा, पण काय करताय ते कळून करा. डेन्सिटी वाढवली की लाट हळू जाते आणि स्टेप मोठा मिळतो, पण संबंध वर्गमुळाचा आहे, म्हणजे स्टेप दुप्पट हवा तर त्या एलिमेंटचा मास चौपट. थोड्याच बारीक एलिमेंटला लावलं, पूर्ण गाडीचा मास एकदोन टक्केच वाढला, तर सहसा चालतं. पण एकूण टक्का बघून निर्धास्त होऊ नका, तो मास कुठे गेला ते बघा. तीन किलोच्या ब्रॅकेटवर दोन किलो चढला तर गाडीच्या हिशोबात तो दिसणारही नाही आणि तो ब्रॅकेट मात्र साफ चुकीचा वागेल. पार्टवाइज ॲडेड मास काढून बघा.

फॉर्मिंगसारख्या संथ प्रोसेसमध्ये मास स्केलिंग भरपूर करतात कारण तिथे इनर्शियाला महत्त्व नसतं. तिथली चाचणी अशी की विकृत होणाऱ्या पार्टची कायनेटिक एनर्जी त्याच्या इंटरनल एनर्जीच्या ५ ते १० टक्क्यांत राहायला हवी. क्रॅशला हा निकष लावू नका, तिथे कायनेटिक एनर्जी हाच तर मूळ विषय आहे.

अवरग्लासिंग म्हणजे काय? माझा मेश झिगझॅग का दिसतोय?

वेग मिळावा म्हणून बहुतेक एक्स्प्लिसिट एलिमेंटमध्ये स्ट्रेस फक्त मध्यावरच्या एका पॉइंटला काढतात. त्यामुळे काही हालचाली अशा असतात की कोपरे हलतात पण मध्यावर स्ट्रेन शून्यच राहतो, एलिमेंटला वाटतं काही झालंच नाही आणि तो विरोध करत नाही. आठ नोडच्या ब्रिक एलिमेंटमध्ये २४ हालचाली शक्य असतात, त्यातल्या ६ रिजिड बॉडीच्या, ६ स्ट्रेनच्या, उरलेल्या १२ अशा फुकटच्या. त्या वाढू लागल्या की मेश झिगझॅग होतो.

उपाय म्हणजे या हालचालींना खोटा प्रतिकार लावायचा. फ्लॅनगन आणि बेलिट्श्को यांनी १९८१ मध्ये याची जी रीत दिली ती अजूनही वापरात आहे. पण हा प्रतिकार बनावट आहे, त्यात जाणारी एनर्जी खऱ्या मटेरियलने खाल्लेली नाही, म्हणून अवरग्लास एनर्जी इंटरनल एनर्जीच्या ५ टक्क्यांच्या आत ठेवा, आणि फक्त टोटल बघून थांबू नका, प्रत्येक महत्त्वाच्या पार्टची बघा. जास्त दिसली तर या प्रतिकाराचा कोइफिशंट वाढवत बसण्यापेक्षा आधी एका नोडवर पॉइंट लोड दिलाय का ते शोधा, वळणात एलिमेंट पुरेसे आहेत का बघा, आणि तिथे फुल इंटिग्रेशन (स्ट्रेस एकाऐवजी अनेक पॉइंटला काढणारा एलिमेंट) वापरा.

मग सगळीकडे फुल इंटिग्रेशनच का नको? डायनात शेलचा प्रकार क्रमांक २ घ्यायचा की १६?

२ म्हणजे बेलिट्श्को-त्साय शेल, १९८० च्या दशकातला, अतिशय स्वस्त, आणि क्रॅशचा धंदा याच एलिमेंटवर उभा राहिला. १६ फुल इंटिग्रेटेड आहे, दोन-तीनपट महाग पडू शकतो पण अवरग्लासची कटकट नाही आणि एलिमेंट पिळला गेला तरी बरा वागतो. आजच्या मशीनवर रेल (गाडीच्या पुढच्या लांब तुळया), क्रॅश बॉक्स (त्यांच्या टोकाचा चुरगळणारा डबा), बी-पिलर (दोन दरवाजांमधला खांब) अशा एनर्जी खाणाऱ्या पार्टना १६ द्यावा असं माझं स्पष्ट मत आहे, बाकी मागच्या पत्र्यांना २ चालतो. जाडीमध्ये इंटिग्रेशन पॉइंट मात्र निदान ५ ठेवा, डीफॉल्ट २ वर वाकणाऱ्या पत्र्याचं प्लास्टिक बेंडिंग नीट पकडलं जात नाही.

टेस्ट लॅबने दिलेला स्ट्रेस-स्ट्रेन कर्व्ह तसाच टाकला तर?

चूक होईल. लॅबचा कर्व्ह इंजिनिअरिंगचा असतो, मूळ लांबी आणि मूळ क्षेत्रफळावरचा. मोठ्या डिफॉर्मेशनमध्ये सॉल्व्हर आत्ताच्या आकारावर काम करतो, त्याला ट्रू स्ट्रेस लागतो आणि सहसा फक्त प्लास्टिक स्ट्रेन लागतो. समजा इंजिनिअरिंग स्ट्रेन ०.२ आणि स्ट्रेस ४०० मेगापास्कल आहे. ट्रू स्ट्रेस ४०० गुणिले १.२ म्हणजे ४८०. ट्रू स्ट्रेन १.२ चा नॅचरल लॉग म्हणजे ०.१८२, त्यातून इलॅस्टिक भाग ४८० भागिले २१०००० वजा केला की ०.१८० उरला. हा हिशोब नेकिंग (नमुना एका जागी बारीक होणं) सुरू होईपर्यंतच खरा. पुढचा कर्व्ह एक्स्ट्रापोलेट करावा लागतो आणि तो कसा केला यावर क्रॅश बॉक्सचं उत्तर चांगलंच हलतं, म्हणून रिपोर्टमध्ये ते लिहून ठेवा.

स्ट्रेन रेट खरंच इतका महत्त्वाचा आहे का?

माइल्ड स्टीलसाठी फार. काउपर-सिमंड्सचा फॉर्म्युला १९५७ चा आहे, माइल्ड स्टीलसाठी त्यातले नेहमीचे आकडे ४० प्रति सेकंद आणि ५. अर्थ असा की सेकंदाला ४० स्ट्रेन रेटला यील्ड स्ट्रेस दुप्पट होतो, आणि सेकंदाला १ इतक्या रेटलाही जवळजवळ दीडपट. तो सोडून दिला तर गाडी खऱ्यापेक्षा मऊ निघते आणि इंट्रूजन (पत्रा केबिनमध्ये किती आत शिरतो ते) फुगतं. पण हेच ४० आणि ५ डोळे मिटून हाय स्ट्रेंग्थ स्टीलला लावू नका, मजबूत ग्रेडची रेट सेन्सिटिव्हिटी टक्केवारीत बरीच कमी असते, तिथे वेगवेगळ्या रेटला टेस्ट केलेले कर्व्हच हवेत. गोळी किंवा स्फोटाच्या पातळीवर तापमानही महत्त्वाचं होतं, तिथे १९८३ चं जॉन्सन-कुक मॉडेल वापरतात.

मटेरियल फाटणं कसं दाखवायचं? फेल्युअर स्ट्रेन ०.३ दिला तर चालेल?

आकडा कुठून आला ते आधी विचारा. प्लास्टिक स्ट्रेन एका मर्यादेपलीकडे गेला की एलिमेंट डिलीट होतो, सोपं आहे, पण नेकिंग एकाच अरुंद पट्ट्यात होतं आणि १० मिलिमीटरचा एलिमेंट तो स्ट्रेन सरासरीत घालवून टाकतो. २ मिलिमीटरच्या मेशवर तोच पत्रा कितीतरी जास्त स्ट्रेन दाखवेल. म्हणजे फेल्युअर स्ट्रेन हा नुसता मटेरियलचा आकडा राहत नाही, मेश साइजसोबतच तो वाचायचा. शिवाय शिअरमध्ये आणि टेन्शनमध्ये फाटायचा स्ट्रेन वेगळा, त्यामुळे एकच आकडा सगळीकडे लावणं धोक्याचं. मेश बदलला की फेल्युअर परत कॅलिब्रेट करा. आणि डिलीट झालेल्या एलिमेंटसोबत त्याची एनर्जीही हिशोबातून जाते, ती वेगळी लिहून घ्यायची सोय सॉल्व्हरमध्ये असते, ती चालू ठेवा.

कॉन्टॅक्टमध्ये पार्ट एकमेकांतून आरपार जातायत, काय करू?

पेनल्टी कॉन्टॅक्टमध्ये नोड दुसऱ्या पृष्ठभागात घुसला की घुसण्याच्या प्रमाणात त्याला बाहेर ढकलतात, म्हणजे काल्पनिक स्प्रिंग. फोम आणि स्टील समोरासमोर आले की ही स्प्रिंग फोमच्या मऊपणावरून ठरते, कमी पडते आणि स्टील आत शिरतं, तिथे सॉफ्ट ऑप्शन (ही स्प्रिंग कशी ठरवायची ते सांगणारी डायनातली सेटिंग) बदलून बघा. पण सगळ्यात जास्त त्रास सुरुवातीच्या पेनिट्रेशनचा असतो. मेश करताना मिड-सरफेसमधलं (पत्र्याच्या जाडीच्या मध्यावरच्या पृष्ठभागांमधलं) अंतर जाडीच्या हिशोबात बसलेलं नसतं आणि शून्य वेळेलाच शेल एकमेकांत घुसलेले असतात. काही पर्याय नोड हलवून हे गुपचूप दुरुस्त करतात, काही जोरात ढकलतात आणि तिथे फुकट एनर्जी तयार होते. रन टाकण्याआधी हे शून्याजवळ आणा, कंटाळवाणं काम आहे पण याला पर्याय नाही. कॉन्टॅक्ट एनर्जी निगेटिव्हमध्ये जाऊ लागली तर नव्वद टक्के वेळा कारण इथेच सापडतं.

रन संपला. बरोबर आहे हे कसं ओळखू?

ॲनिमेशन नंतर बघा, आधी एनर्जीचे ग्राफ. १५०० किलोची गाडी ५६ किलोमीटरच्या वेगाने, म्हणजे सेकंदाला १५.५६ मीटरने, तर कायनेटिक एनर्जी सुमारे १८१ किलोज्यूल. शून्य वेळेला ग्राफवर हाच आकडा हवा, नसेल तर मास किंवा वेग किंवा युनिट चुकलंय आणि पुढचं काही बघण्यात अर्थ नाही. मग कायनेटिक उतरत जाईल, इंटरनल चढत जाईल, टोटल जवळजवळ आडवी रेष राहील. टोटल आपोआप चढत असेल तर कुठेतरी एनर्जी निर्माण होतेय, ते निसर्गात होत नाही, शोधा. त्यानंतर अवरग्लास, कॉन्टॅक्ट, ॲडेड मास. मग बॅरिअरवरचा फोर्स आणि गाडीचं डीसेलरेशन गुणिले मास जुळतात का ते. एवढं झाल्यावर ॲनिमेशन लावा आणि डिफॉर्मेशन स्लो मोशनमध्ये पार्ट लपवत लपवत आतून बघा.

युनिट कुठली घेऊ?

क्रॅशच्या कामात सहसा दोनच सेट चालतात. टन-मिलिमीटर-सेकंद घेतलं तर स्टीलची डेन्सिटी ७.८५ गुणिले १० चा उणे ९ वा घात, स्ट्रेस मेगापास्कलमध्ये, फोर्स न्यूटनमध्ये, वेग १५५५६. किलो-मिलिमीटर-मिलिसेकंद घेतलं तर डेन्सिटी उणे ६ वा घात, मॉड्युलस २१०, फोर्स किलोन्यूटन, एनर्जी सरळ ज्यूलमध्ये, वेग १५.५६. मला दुसरा आवडतो कारण आकडे डोळ्याने तपासता येतात. सप्लायरचं डमी किंवा सीट मॉडेल कुठल्या सेटमध्ये आहे ते विचारल्याशिवाय इन्क्लूड करू नका.

तेच डेक (मॉडेलची इनपुट फाइल) ३२ कोअरवर आणि ६४ कोअरवर वेगळं उत्तर देतं. सॉफ्टवेअर बिघडलंय का?

नाही. कोअर बदलले की मॉडेलचे तुकडे वेगळे पडतात, फोर्सची बेरीज वेगळ्या क्रमाने होते, शेवटच्या दशांशात फरक पडतो. हा फरक एरवी दिसत नाही, पण रेल डावीकडे वाकावी की उजवीकडे अशा टोकावर उभी असेल तर तेवढ्यानेही निकाल बदलतो. याला बग म्हणून बाजूला ठेवू नका, तुमचं डिझाइन त्या जागी डळमळीत आहे ही त्यातली माहिती आहे. खऱ्या दोन गाड्याही हुबेहूब सारख्या चुरगळत नाहीत. जाडी आणि वेग किंचित बदलून पाच-सहा रन करा, रेल प्रत्येक वेळी वेगळी वाकत असेल तर तिथे ट्रिगर किंवा बीड (मुद्दाम दिलेला खड्डा किंवा खोबण) टाकून तिला एकच वाट द्या.

माझा ॲक्सलरेशन कर्व्ह टेस्टपेक्षा फारच खडबडीत आहे.

टेस्टचा कर्व्ह फिल्टर केलेला असतो, तुमचा कच्चा आहे. दोन्हीला एकच फिल्टर लावा, गाडीच्या स्ट्रक्चरसाठी सहसा सीएफसी ६० (क्रॅश टेस्टमधला फिल्टरचा एक ठरलेला वर्ग). आणि डेटा पुरेसा दाट लिहा, विरळ लिहिलेल्या डेटावर फिल्टर लावला तर खोट्या फ्रिक्वेन्सी आत येतात आणि त्या मग निघत नाहीत.

पक्षी, पाणी, माती हे या पद्धतीत बसतं का?

नेहमीच्या मेशमध्ये नाही, एलिमेंट इतके पिळतात की स्टेप शून्याकडे जातो. विमानाच्या वेगाला पक्षी जवळजवळ द्रवासारखा वागतो, म्हणून तिथे एसपीएच वापरतात, ज्यात मेशऐवजी कण असतात. ही कल्पना १९७७ मध्ये ताऱ्यांच्या अभ्यासासाठी आली होती. पक्षी कणांचा आणि विंग नेहमीच्या शेलची, असं एकत्र चालतं.

सिम्युलेशन इतकं चांगलं आहे तर गाडी फोडायची कशाला?

कारण मॉडेलला जे सांगितलं नाही ते त्याला माहीत नसतं: वेल्ड नीट बसला नाही, प्रेसमध्ये पत्रा पातळ झाला, बॅच बदलली. गाड्यांना सुरक्षिततेचे स्टार देणारं भारत एनकॅप १ ऑक्टोबर २०२३ पासून सुरू झालं, त्यात फ्रंटल टेस्ट ६४ किलोमीटरला ४० टक्के ओव्हरलॅपने डिफॉर्मेबल बॅरिअरवर होते, सक्तीच्या नियमात हाच वेग ५६ आहे. फरक ८ किलोमीटरचा वाटतो पण एनर्जी ३० टक्क्यांनी जास्त. ही टेस्ट सिम्युलेशनवर पास करता येत नाही, प्रत्यक्ष गाडीच लागते. पण त्या टेस्टला जाईपर्यंत डिझाइनचे शेकडो पर्याय कॉम्प्युटरवरच तपासून झालेले असतात, आणि आत बसणाऱ्या माणसाची छाती आणि पाय वाचतात ते बरंचसं तिथे.

लायसन्स नाही, फुकटात शिकायचंय. कुठून सुरू करू?

ओपनरेडिओस हा एक्स्प्लिसिट सॉल्व्हर सप्टेंबर २०२२ पासून ओपन सोर्स आहे, खऱ्या कामात वापरलेला कोड आहे आणि डायनाचे बरेच कीवर्डही वाचतो. अमेरिकेत सरकारी निधीतून बनलेली टोयोटा यारिससारखी पूर्ण गाड्यांची मॉडेल्सही मोफत मिळतात. पण पहिल्याच दिवशी पूर्ण गाडी उघडू नका, आधी एक चौकोनी नळी चुरगळा.

बाजू ६० मिलिमीटर, जाडी १.५, लांबी ४००, फ्लो स्ट्रेस (मटेरियल वाहू लागतं तो सरासरी स्ट्रेस) ३०० मेगापास्कल, रेट इफेक्ट बंद, वरच्या टोकाजवळ छोटा डेंट. याचं उत्तर हाताने काढता येतं. जाडीचा वर्ग गुणिले फ्लो स्ट्रेस भागिले ४ म्हणजे १६९ न्यूटन, ते गुणिले ५२.२ (चौकोनी नळीच्या फॉर्म्युल्यातला ठरलेला आकडा), आणि ते गुणिले बाजू भागिले जाडी या ४० च्या घनमुळाने, म्हणजे ३.४२ ने. सरासरी क्रश फोर्स आला ३० किलोन्यूटन. आता १२० किलोचा मास सेकंदाला १० मीटरने सोडा, एनर्जी ६ किलोज्यूल, म्हणजे नळी साधारण २०० मिलिमीटर दबायला हवी. तुमची फारच वेगळी दबली तर कॉन्टॅक्ट, इंटिग्रेशन पॉइंट, मेश या क्रमाने शोधा. जुळलं की मेश १० वरून ५ वर, ५ वरून ३ वर आणा आणि घड्यांची संख्या व सरासरी फोर्स कुठे स्थिर होतो ते बघा, मग रेट इफेक्ट चालू करून नळी किती कमी दबते ते बघा.